अतियातने न पिळलेला फिल्टर

अलेक्झांड्रियाच्या करमूज भागात, ट्रामच्या रुळांपासून दोन गल्ल्या आत, तिसऱ्या मजल्यावर अतियात राहते. भाजीवाला सकाळी दारात टोपली ठेवून जायचा. काकडीएवढे कोवळे भोपळे आणि बुटकी वांगी. अतियात पाटावर बसून लांब कोरणीने त्यांची पोटं रिकामी करायची. नोकरीवाल्या बायकांना भात भरायला आयती पोकळ भाजी लागते, त्यांच्याकडे ही भाजी जायची. हात असा, की साल कागदाएवढं पातळ राही पण फाटत नसे. "दुसऱ्यांच्या भाज्यांची आतडी काढण्यात माझा जन्म गेला," असं ती म्हणायची. तक्रार म्हणून नव्हे. कोणी "काय चाललंय" म्हटलं की त्याचं उत्तर म्हणून.

तिचा नवरा बसयूनी ट्रामचा ड्रायव्हर, कसबी माणसाला म्हणतात तसं लोक त्याला उस्ता म्हणत. निवृत्त झाला त्याच आठवड्यात तो शुक्रवारच्या बाजारात गेला आणि मांडीवर काचेची पेटी, हातात पाण्याने फुगलेल्या पिशव्या घेऊन ट्रामनेच परत आला. अतियात दार उघडून तिथेच उभी राहिली.

"जन्मभर माणसं वाहिलीस, आता मासे वाहतोस?"

"हे धक्काबुक्की करत नाहीत," तो म्हणाला. "आणि पायरीवर लोंबकळत नाहीत. हो बाजूला."

पेटी बैठकीत, खिडकीपासून लांब, भिंतीला लागून बसली. माशांना नावं पडली तीसुद्धा ट्रामची. एक जाडा नारिंगी, डोळे बाहेर आलेला, प्रत्येकाच्या तोंडाजवळ जाऊन न्याहाळणारा, तो इन्स्पेक्टर. सडपातळ पांढरा तो कंडक्टर. झुळझुळीत शेपटीची एक होती, ती पहिल्या वर्गाची मॅडम. उरलेले चार उतारू.

पेटीच्या कोपऱ्यात पंजाएवढा फिल्टर चिकटवलेला. वर मोटर, खाली स्पंज. मोटर पाणी स्पंजातून ओढायची आणि वरच्या तोटीतून पेटीत परत सोडायची. तो आवाज दिवसभर घरात. पहिल्या महिन्यात अतियातला सारखं वाटे की मोरीतला नळ उघडा राहिलाय. उठून उठून बघून यायची.

आता अतियात कशी, तर रमजानच्या आधी घर धुवायला काढलं की भिंतींनी दया मागावी. त्या वर्षी तिने तो स्पंज बघितला. तपकिरी, बुळबुळीत, वासाचा. उपसून क्लोरीनमध्ये बुडवला, घासला, लोण्यासारखा पांढरा करून परत बसवला आणि नवऱ्याला बोलावून दाखवला. संध्याकाळी मासे आडवे व्हायला लागले. बसयूनीने पाणी बदलून बदलून, शेजाऱ्यांच्या बादल्या मागून कसेबसे वाचवले. मग खाली बसला आणि म्हणाला,

"अतियात, ती बुळबुळ म्हणजे घाण नव्हे. ती कामकरी जात आहे. मासे जी घाण करतात ती ती खाते. तू कामकऱ्यांनाच मारलंस."

"मग त्यांना सांग, जरा अंघोळ करत जा."

"त्यांची अंघोळ पेटीतल्याच पाण्यात. बादलीत पेटीतलं पाणी काढायचं आणि त्यात स्पंज दोनदा पिळायचा. नळाखाली धरायचा नाही. पांढरा करायचा नाही. माणसासारखा मळका ठेवायचा."

ती शिकली. पुढे शिकावंच लागलं, कारण बसयूनीची मूत्रपिंडं गेली. आठवड्यातून तीनदा डायलिसिस. डाव्या हातात शिरा जोडून सुयांसाठी जागा केलेली. त्या हाताने उचलायचं नाही, तो हात घाण होऊ द्यायचा नाही. खजूर बंद, टोमॅटो बंद, मीठ बंद. पाणी तर मोजूनच. तहानेने जीभ टाळ्याला चिकटायची आणि हा माणूस पाण्याने भरलेल्या पेटीसमोर खुर्ची टाकून बसायचा.

"अरे, त्रास होत नाही का बघून?" अतियात विचारायची.

"माझ्यासाठी ते पितायत," तो म्हणायचा.

दर दुसऱ्या शुक्रवारी नमाजाहून आला की तो खुर्चीतून हुकूम सोडायचा आणि अतियात फिल्टर काढायची. आधी वायर काढ. खूण बघ, तोटीची धार करंगळीएवढी झाली म्हणजे स्पंज तुंबला. बादलीत पिळ. जुन्या ब्रशने मोटरचं चाक घास. "वांग्याची आतडी परवडली," ती पुटपुटायची. पण तोटी पुन्हा धो धो सुटली की तिलाही बरं वाटायचं. आणि बसयूनी म्हणायचा, "बघ, माझी मूत्रपिंडंही अशीच पिळून देतात तिथे. फक्त तुझ्याइतक्या शिव्या घालत नाहीत."

त्या उन्हाळ्यात वीज फार जायची. एका दुपारी वीज बराच वेळ आली नाही, फिल्टर बंद, पाणी तापलं आणि एक उतारू पोट वर करून तरंगला. त्याच दिवशी बसयूनीला डायलिसिसवरून आल्यावर थंडी वाजून ताप भरला होता. शेजारची उम्म गाबेर बघायला आली होती. ती मेलेला मासा बघून म्हणाली,

"पीडा घेऊन गेला तो. घरावर आलेलं त्याने अंगावर घेतलं. अल्लाचे उपकार मान, उम्म फरगली."

फरगली हा अतियातचा थोरला, सौदीत असतो, त्याच्या नावाने तिला हाक, उम्म म्हणजे आई. आणि हे बोलणं काही नवीन नव्हे. कप फुटला, कोंबडी मेली, गाडीचा आरसा तुटला, की सगळे हेच म्हणतात. अतियातही जन्मभर म्हणत आली होती, जसं शिंकेवर बोलतात तसं. पण संध्याकाळी बसयूनीचा ताप खरोखरच उतरला. त्याने सूप मागितलं. आणि ते बोलणं तिच्या मनात कुठेतरी रुतून बसलं.

हिवाळ्याच्या तोंडाला बसयूनीच्या हातात, सुयांच्या जागी, पू झाला. सरकारी इस्पितळात दाखल केलं. चीर दिली, पट्टी बांधली, पण ताप हटेना. डॉक्टर मुलगी म्हणाली, रक्तात गेलंय, वाट बघायची. अतियात रोज दुपारी भेटीच्या वेळेला जायची, डब्यात बिनमिठाचं काहीतरी घेऊन. तो डोळे उघडून पहिलं विचारायचा, "फिल्टर पिळलास?"

"शुक्रवार यायचाय."

शुक्रवार आला. तिने बादली आणून ठेवली, बाही वर केली. तोटीची धार करंगळीहून बारीक झाली होती. आणि बघते तर पहिल्या वर्गाची मॅडम तळाशी एका कुशीवर पडलेली. शेपटी तेवढी पाण्याबरोबर हलत होती. अतियातने तिला चमच्याने बाहेर काढलं, कागदात गुंडाळलं. बादली तशीच ठेवून ती घाईने इस्पितळात गेली, काय बघायला मिळतंय या भीतीने.

बसयूनी उशीला टेकून बसला होता. दही खात होता.

"आज सकाळपासून ताप नाही," शेजारच्या खाटेवरचा म्हणाला.

घरी आल्यावर अतियात पेटीसमोर उभी राहिली. वायर ओढायला हात पुढे केला. मोटर घरघरत होती, पाणी गढूळ, कंडक्टर वरच्या थराला तोंड लावून हवा गिळत होता. फिल्टर पिळायला कितीसा वेळ लागतो? भात शिजायलाही त्याहून जास्त लागतो.

तिने हात मागे घेतला.

कोणाला सांगितलं नाही. सांगायचं काय? तिने मारले थोडेच? तिने फक्त केलं नाही. घरात काम राहून जातं की नाही? असं स्वतःला समजावत ती पाटावर बसली आणि त्या संध्याकाळी तिच्या हातून तीन वांगी फाटली.

पुढे बसयूनीचा ताप पुन्हा चढला, आणि कंडक्टर गेला, आणि ताप उतरला. मग उतारू गेले. एक गेला त्या दिवशी बसयूनी संडासापर्यंत स्वतः चालत गेला. दुसरा गेला त्या दिवशी डॉक्टर मुलगी हसून बोलली. तिसरा गेला त्या दिवशी मात्र काहीच झालं नाही, बरं नाही की वाईट नाही. पण मनाला जे हवं असतं ते ते मोजतं, नको ते सोडून देतं. अतियातने तो मासा मोजलाच नाही. फिल्टरची तोटी आता ठिबकत होती, पेटीला नाल्याचा वास येत होता.

"फिल्टर पिळलास?" बसयूनी रोज विचारायचा.

"पिळला."

"इन्स्पेक्टर काय म्हणतो?"

"तिकीट विचारतो. दुसरं काय येतंय त्याला?"

तो हसायचा, आणि तिला आपल्या थापेचा नव्हे, त्या हसण्याचाच त्रास व्हायचा.

एका रविवारी त्याला घरी सोडलं. हाताला पट्टी होती, रोज बदलायची, कोरडी ठेवायची. जिन्यात दर मजल्यावर थांबत तो वर आला. अतियातने पेटीवर जेवणाची चादर टाकून ठेवली होती.

"हे काय? मासे शोक पाळतायत का?"

"धूळ येते. तू आधी पड जरा. चहा टाकते, अर्धा पेला चालेल म्हणालेत."

त्याने चादर ओढली. पाणी जुन्या चहासारखं झालं होतं. त्यात वरच्या बाजूला एकटा इन्स्पेक्टर, तोंड पाण्याबाहेर काढून, कल्ले फडफडवत. बसयूनीने वाकून काचेतून एकेक कोपरा बघितला.

"बाकीचे कुठल्या स्टॉपवर उतरले?"

अतियातने त्याच्या हातातली चादर घेतली. तो वळला. "अतियात. तू म्हणालीस पिळला."

मग तिने सांगितलं. सगळं, मॅडमपासून. कुठल्या दिवशी कोण गेलं आणि त्या दिवशी तुझं काय झालं. सांगताना तिला वाटलं होतं तो हसेल, म्हणेल वेडी बाई. तो हसला नाही.

"चाळीस वर्षं ट्राम हाकली मी," तो म्हणाला. "एक उतरला म्हणून दुसऱ्याचा प्रवास लांबत नाही, बाई. रिकामी जागा होते, एवढंच."

"तू बसून दही खाल्लंस त्या दिवशी."

"मग मला आधी विचारायचंस. माझ्या जिवाचा सौदा, आणि मलाच पत्ता नाही?"

"तू नाही म्हणाला असतास."

"म्हणूनच विचारलं नाहीस."

आणि मग, ती चुलीवरचं भांडं उतरवायला आत वळली तेवढ्यात, त्याने वायर ओढली आणि दोन्ही हात पेटीत घातले. कोपरापर्यंत. काचेला चिकटलेला फिल्टर जोर केल्याशिवाय सुटत नाही हे तिलाही माहीत होतं. ती धावत आली तेव्हा पट्टी भिजून काळी झाली होती आणि तो बादलीत स्पंज पिळत होता. बोटांमधून डांबरासारखा गाळ येत होता.

"अरे हात! तुझा हात!"

"तुझा हात कुठे होता?" तो म्हणाला. त्याहून मोठ्याने तो कधीच बोलला नव्हता.

पट्टी तिने लगेच बदलली, औषध लावलं. त्यानंतर तो तिच्याशी बोलला तो कामापुरता. औषध दे. दार लाव. खुर्ची पेटीकडे तोंड करून असायची, म्हणजे तिच्याकडे पाठ. इन्स्पेक्टर जरा सावरला. आठवडा व्हायच्या आत बसयूनीला थंडी वाजायला लागली. दोन गोधड्या घातल्या तरी दात वाजत होते.

इस्पितळात त्याच डॉक्टर मुलीने पट्टी सोडली आणि विचारलं, "हात कुठे घाण पाण्यात गेला होता का?"

बसयूनी म्हणाला, "नाही."

अतियात म्हणाली, "हो. माशांच्या पाण्यात."

"त्यानेच असेल, नसेलही," मुलगी म्हणाली. "यांचं अंगच आता झुंजण्यासारखं राहिलेलं नाही, खाला." मावशी म्हणून बोलली ती, पण डोळे दुसरीकडे होते.

ती गेल्यावर बसयूनीने अतियातला जवळ बोलावलं. कितीतरी दिवसांनी तो सरळ तिच्याकडे बघत होता.

"पेटीत एवढी घाण साचलीये की फिल्टर पुन्हा तुंबणार. घरी जा आणि पिळ."

"हो."

"हो नको म्हणूस. पिळ. इन्स्पेक्टर माझा आहे. तो कुणाच्या बदल्यात नाही."

सकाळी ती कपडे धुवायच्या निमित्ताने घरी आली. तोटी ठिबकत होती. इन्स्पेक्टर पुन्हा वर आला होता, तोंड उघडं, डोळे आणखी बाहेर. अतियात खुर्चीत बसली. उठली. पुन्हा बसली. उम्म गाबेर दार उघडं बघून आत आली, तिने पेटी बघितली, अतियातकडे बघितलं, आणि तिला काही सांगावं लागलं नाही.

"राहू दे त्याला," उम्म गाबेर हळूच म्हणाली. "उम्म फरगली, ऐक माझं. अल्ला मागतोय ते दे. एक मासा की घरातला माणूस?"

"त्याने पिळायला सांगितलंय."

"आजारी माणसाला काय कळतं? तू बायको आहेस की पोस्टमन? सांगितलं की पोचवलं?"

अतियातला तिचं खोटं वाटलं नाही, हेच तर दुखणं. एवढं होऊनही, इतकं ऐकूनही, आतून तिला अजून खरंच वाटत होतं की हा शेवटचा गेला तर बसयूनी उशीला टेकून बसेल आणि दही मागेल. पण त्याने "माझा" म्हटलं होतं. जन्मभर त्या माणसाने दुसरं काही माझं म्हटलं नव्हतं. ट्राम सरकारची, घर भाड्याचं, मूत्रपिंडसुद्धा मशीनचं.

तिने वायर ओढली.

"करू नकोस," उम्म गाबेर म्हणाली. "नंतर कपाळ बडवशील."

"बादली सरकव इकडे."

उम्म गाबेरने सरकवली नाही. अतियातने स्वतः उठून आणली. पेटीतलं पाणी काढलं, स्पंज काढला, पिळला. गाळ निघाला, आणखी पिळला. ब्रशने मोटरचं चाक घासलं. पांढरा केला नाही. रडत होती, पण हात जसे वांगं कोरताना चालतात तसे नीट चालत होते. आपण नवऱ्याला मारतोय असंच तिला प्रत्येक पिळ्याला वाटत होतं, आणि तरी तिने तो पिळला. तोटी सुटली. उम्म गाबेर उठून गेली. जाताना दार लावून गेली, जरा जोरातच.

दुपारी भेटीच्या वेळेला ती खाटेशी बसली. बसयूनीला बोलणं जड जात होतं. ओठांना भेगा पडल्या होत्या. ती ओल्या कापसाने ते टिपत होती.

"पिळला," ती म्हणाली.

त्याने तिचा कापूस धरलेला हात उजव्या हाताने पकडला आणि डोळ्यांजवळ नेला. नखांत काळा गाळ होता. घाईत साबण लावायचा राहिला होता. त्याने एकेक नख बघितलं, जसा तो माशांना दाणे टाकण्याआधी चिमूट बघायचा. मग हात आपल्या छातीवर ठेवला आणि डोळे मिटले.

त्यानंतर तो शुद्धीवर फारसा आला नाही. दुसऱ्या दिवशी दुपारच्या नमाजाच्या सुमारास गेला. फरगली मातीला पोचू शकला नाही.

शोकाचे तीन दिवस इमारतीतल्या बायका काळे कपडे घालून, बिनसाखरेची कॉफी पीत बैठकीत बसल्या. पेटी तिथेच होती, तोटी धो धो चालू. कोणी तिकडे बघत नव्हतं आणि सगळ्याच बघत होत्या. उम्म गाबेरने काय ते सांगितलं असणार. मासा वाचवला आणि उस्ता घालवला, असं जिन्यात बोललं गेलं. अतियातच्या कानावर आलं. ती जाब विचारायला गेली नाही. तिला स्वतःलाच जिथे ठाऊक नव्हतं, तिथे दुसऱ्याचं तोंड काय धरायचं? मासे मेले म्हणून तो एवढे दिवस जगला, की मासे मारले म्हणून तो मेला, की दोन्ही नाही आणि त्याचे दिवसच भरत आले होते? रात्र रात्र यावर डोकं फोडून तिला एकही उत्तर नीट बसवता आलं नाही. बसवलं की दुसरीकडून फाटायचं.

चाळिसाव्या दिवसानंतर उम्म गाबेरच वर आली. हातात खिरीची वाटी होती, तोंडात सल्ला.

"देऊन टाक गं तो मासा. अपशकुनी आहे. घरावरची पीडा घेऊन गेला नाही, उलट ठेवून बसलाय."

"त्याचा आहे," अतियात म्हणाली. "त्याचे कपडे दिले, चपला दिल्या. हा नाही द्यायचा."

"जीव जडला म्हणतेस?"

"जीव?" अतियात म्हणाली. "खिरीत साखर कमी आहे तुझ्या."

जीव वगैरे काही जडलेला नाही. उगाच कोणी तसं समजू नये. इन्स्पेक्टर आता आणखी जाडा झालाय, काचेशी येऊन तिच्याकडे बघतो, आणि ती त्याच्याकडे बघायचं टाळते. दाणे टाकताना मान दुसरीकडे करते. खुर्ची तिने फिरवून खिडकीकडे तोंड करून ठेवलीये. कधी कधी त्याचा राग येतो, इतका, की पेटी उचलून खाली गल्लीत टाकावी. पण दर दुसऱ्या शुक्रवारी, धार बारीक झाली की ती भाजीची टोपली बाजूला सारते, बाही वर करते, आणि बादली घेऊन बसते.